नळ्या मोकळ्या होत्या, तरी मधल्या भिंतीला रक्त कमी पडत होतं

"अँजिओग्राफी तर क्लिअर आली, मग पेसमेकर कशाला?" आत्याला तीन वायरचा पेसमेकर बसवायचं ठरलं तेव्हा भेटायला येणारा प्रत्येक जण हेच विचारायचा. प्रश्न रास्त आहे. आपल्याकडे हृदयाचा आजार म्हटला की ब्लॉकेज, ब्लॉकेज म्हटलं की स्टेंट नाहीतर बायपास, आणि पेसमेकर ज्यांचे ठोके कमी पडतात त्यांच्यासाठी, एवढंच घरोघरी माहीत असतं. आत्याचे ठोके कमी नव्हते, मिनिटाला ऐंशीच्या वर होते. नळ्या स्वच्छ होत्या. तरीही तिच्या हृदयाच्या एका भिंतीला रक्त कमी मिळतंय, असं स्कॅनचा रिपोर्ट सांगत होता.

मी मेडिकल कॉलेजात पहिल्या वर्षाच्या मुलांना फिजिऑलॉजी शिकवते. हृदयरोगतज्ज्ञ नाही, पेशंट तपासत नाही. पण हृदयाला स्वतःला रक्त कसं मिळतं हा धडा मी वर्षानुवर्षं फळ्यावर आकृत्या काढून शिकवत आलेय. हार्ट फेल्युअरच्या, म्हणजे हृदयाची पंप करायची ताकद कमी पडलेल्या पेशंटच्या घरी तो माहीत असायलाच हवा, असं माझं ठाम मत आहे. नळी मोकळी असली म्हणजे स्नायूच्या खोलवर रक्त पोहोचतंच असं नाही. ते पोहोचणं हृदयाच्या आकुंचनावर अवलंबून असतं आणि त्याहून जास्त, हृदय किती पटकन आणि किती एकजुटीनं सैल पडतं यावर. आत्याच्या पेसमेकरनं नेमकं हेच बदललं, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आत्या वाईची. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. रोज सकाळी कृष्णेच्या घाटावर जाऊन ढोल्या गणपतीचं दर्शन घेणार, येताना भाजी घेणार, हा तिचा शिरस्ता. आधी घाटाच्या पायऱ्या चढताना दम लागायला लागला, मग भाजीची पिशवी जड वाटायला लागली. रात्री एका उशीच्या दोन झाल्या, दोनाच्या तीन. पायावर बोट दाबलं की खड्डा तसाच राहायचा. "वय झालं गं आता," असं म्हणून तिनं बरेच दिवस ढकलले. शेवटी इको झाला तेव्हा पंपिंग, म्हणजे डाव्या कप्प्यातल्या रक्तापैकी दर ठोक्याला बाहेर पडणारा भाग, 25 टक्के निघालं, आणि तो डावा खालचा कप्पा चांगलाच फुगलेला. ईसीजीवर लेफ्ट बंडल ब्रांच ब्लॉक होता आणि क्यूआरएसची रुंदी, म्हणजे विजेचा इशारा खालच्या कप्प्यांत पसरायला लागणारा वेळ, 164 मिलीसेकंद. हा ब्लॉक विजेच्या वाटेतला, रक्ताच्या नळीशी त्याचा संबंध नाही. स्नायूला कुठे किती रक्त पोहोचतं ते दाखवणाऱ्या थॅलियमच्या स्कॅनमध्ये सेप्टमला, म्हणजे डाव्या आणि उजव्या कप्प्यांमधल्या भिंतीला, रक्तपुरवठा कमी दिसला. म्हणून अँजिओग्राफी केली, तर तिन्ही धमन्या मोकळ्या.

हे दोन रिपोर्ट शेजारी ठेवले की घरचे गोंधळतात. आतेभाऊ मला फोनवर म्हणाला, "ताई, दोन्हीपैकी एक मशीन खोटं बोलतंय." तसं नव्हतं. लेफ्ट बंडल ब्रांच ब्लॉक असलेल्या पेशंटमध्ये हे सर्रास दिसतं, इतकं की अशा पेशंटना पळवून स्कॅन करण्याऐवजी अॅडिनोसिनसारखं औषध देऊन स्कॅन करणं जास्त पसंत करतात, कारण ठोके वाढले की सेप्टममधली ही कमतरता आणखी ठळक होते.

आता मूळ धडा. हृदयाच्या कप्प्यांमधून दिवसभर रक्त वाहतं, पण भिंतीच्या जाड स्नायूला त्यातून जवळजवळ काहीच मिळत नाही. त्याची सोय वेगळी आहे. महाधमनी जिथे सुरू होते तिथेच, झडपेच्या अगदी वर, दोन कोरोनरी धमन्या फुटतात. विश्रांतीत त्यांतून मिनिटाला साधारण 250 मिलिलिटर रक्त जातं, म्हणजे हृदय जेवढं बाहेर टाकतं त्याच्या चार-पाच टक्के. आलेल्या रक्तातला ऑक्सिजन काढून घेण्यात हृदयाचा हात कुणी धरणार नाही. सगळं शरीर मिळून धमनीतल्या ऑक्सिजनपैकी पाव भाग वापरतं, हृदयाचा स्नायू मात्र बसल्या जागी 70 ते 75 टक्के काढून घेतो. त्यामुळे काम वाढलं तर त्याच रक्तातून आणखी ऑक्सिजन ओढायला फारसा वाव उरत नाही. रक्तच जास्त यावं लागतं. निरोगी हृदयात ते तिप्पट-चौपट आणि त्याहूनही जास्त वाढू शकतं. या राखीव क्षमतेवरच आपण जिने चढतो.

आणि इथे डाव्या कप्प्याची एक विलक्षण अडचण आहे. आकुंचनाच्या वेळी त्याचा स्नायू इतका आवळला जातो की त्याच्या पोटातून जाणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या दाबल्या जातात. सगळ्यात आतल्या थरात तर त्या क्षणी प्रवाह जवळपास थांबतो. शरीराच्या इतर अवयवांना हृदय आकुंचन पावताना रक्त मिळतं, डाव्या कप्प्याच्या भिंतीला बहुतेक सगळं रक्त तो सैल पडल्यावर मिळतं. ठोके सत्तर असतील तर एका ठोक्याला साधारण 0.86 सेकंद मिळतात आणि त्यातले अर्ध्याहून जास्त सैल अवस्थेचे असतात. ठोके एकशेवीसवर गेले की कात्री लागते ती मुख्यतः याच सैल वेळेला. हार्ट फेल्युअरमध्ये बीटा ब्लॉकर देऊन ठोके आवरतात, त्याच्या फायद्यात हा एक फायदा धरायला हवा.

रक्त आत ढकलणारा दाब किती, हा हिशेबही पाहण्यासारखा आहे. सैल अवस्थेत महाधमनीत जो दाब असतो त्यातून डाव्या कप्प्याच्या पोकळीतला दाब वजा करायचा. उरतो तो आतल्या थरापर्यंत रक्त नेणारा दाब. महाधमनीत 70 (रक्तदाब मोजतो त्याच मापात) आणि कप्प्यात 10 असेल तर 60 उरले. हार्ट फेल्युअरमध्ये महाधमनीतला 60 वर येतो, कप्प्यात रक्त तुंबून आतला 28 वर चढतो, उरतात 32. नळीत एकही ब्लॉकेज नसताना जोर अर्ध्यावर आला. हा हिशेब मी फळ्यावर मांडते तेव्हा नेहमी एखादा तरी विद्यार्थी मान वर करून विचारतो, "मॅडम, मग पाण्याच्या गोळीनं, म्हणजे लघवीवाटे जादा पाणी काढणाऱ्या गोळीनं, हृदयाचा रक्तपुरवठा सुधारेल का?" आतला दाब उतरतो तेवढ्यापुरता हो, आणि असा प्रश्न आला की माझा तास सार्थकी लागला असं मी धरते.

आता विजेचा भाग. निरोगी हृदयात वरून आलेला इशारा दोन फांद्यांमधून दोन्ही कप्प्यांत पसरतो आणि डाव्या कप्प्याच्या सगळ्या भिंती जवळजवळ एकाच वेळी आवळतात. डावी फांदी बंद पडली, म्हणजेच लेफ्ट बंडल ब्रांच ब्लॉक झाला, की इशारा उजवीकडून येतो, सेप्टम ओलांडतो आणि मग स्नायूच्या एका पेशीतून दुसरीत असा रखडत बाहेरच्या भिंतीला पोहोचतो. उशीर एका सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याहून जास्त असू शकतो. ऐकायला हे फार वाटत नाही. पण आकुंचनाचा सगळा कार्यक्रमच सेकंदाच्या तिसऱ्या भागाएवढा असतो.

आत्याच्या इकोची क्लिप मी लॅपटॉपवर घेऊन एकेक फ्रेम पुढे सरकवत पाहिली. आधी सेप्टम एकटाच झटकन आत येतो. समोरची भिंत अजून ढिली, त्यामुळे सेप्टमनं लावलेला जोर तिला बाहेर फुगवण्यात जातो. महाधमनीची झडप अजून बंदच. मग सेप्टम दमून परत ताणला जायला लागतो आणि त्याच वेळी बाहेरची भिंत आवळायला लागते. ती आवळते तेव्हा ढिल्या सेप्टमला उजवीकडे लोटते. दोघेही काम करताहेत, पण एकाच्या कामाचा बराचसा भाग दुसऱ्याला ताणण्यात खर्च होतोय. झडपेतून बाहेर पडणारं रक्त त्या मानानं थोडं. सेप्टमच्या त्या पहिल्या झटक्याला इकोवाले सेप्टल फ्लॅश म्हणतात. एकदा डोळ्यांनी ओळखला की प्रत्येक ठोक्यात दिसतो. आत्यालाही दाखवला. चष्मा वर करून तिनं बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "अगं, हे तर एकमेकांच्या विरुद्ध चाललेत."

रक्तपुरवठ्याचं कोडं इथे सुटायला लागतं. नेदरलँड्समधल्या मास्ट्रिक्टचे फ्रिट्स प्रिन्झेन आणि त्यांचे सहकारी यांनी 1990 साली कुत्र्यांच्या हृदयांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. हृदयाला एका जागेवरून पेसिंग, म्हणजे बाहेरून विजेचा इशारा, देऊन त्यांनी मुद्दाम असमकालिक, म्हणजे वेगवेगळ्या वेळी होणारं, आकुंचन घडवलं. जो भाग आधी आवळतो तिथला रक्तप्रवाह घटला, जो उशिरा आवळतो तिथला वाढला. धमन्या तर त्याच होत्या. कारण असं की हृदयाचा स्नायू स्वतःचा रक्तपुरवठा कामाच्या मापानं ठरवतो. काम कमी तर बारीक धमन्या आवळतात, जास्त तर पसरतात. सेप्टम आधी, बिनओझ्याचा आवळतो, त्याचं उपयुक्त काम कमी, म्हणून रक्तही कमी. बाहेरच्या भिंतीवर सगळा भार, म्हणून तिथे रक्त जास्त, आणि वर्षानुवर्षं असं चाललं की ती जाडही होते. याला दुसरंही एक कारण जोडलं जातं. सगळ्या भिंती एकाच वेळी सैल पडत नाहीत, एकूण आकुंचन लांबतं, त्यामुळे रक्त शिरायचा निवांत वेळ कमी होतो आणि सेप्टम त्या वेळातही दाबात राहतो. कोणाचा वाटा किती यावर वाद आहेत. मला पहिलं कारण जास्त वजनदार वाटतं, कारण सेप्टमचं काम परत सुरू केलं की रक्तही परत येताना दिसतं.

तर मग उपाय. एक वायर उजव्या कर्णिकेत (वरच्या कप्प्यात), एक उजव्या जवनिकेत (खालच्या कप्प्यात) आणि तिसरी डाव्या कप्प्याच्या बाहेरच्या भिंतीवर. सेप्टमच्या बाजूनं आणि बाहेरच्या बाजूनं एकदम इशारा दिला की दोन्ही भिंती बरोबर आवळतात. कार्डिअॅक रिसिंक्रोनायझेशन थेरपी, सीआरटी. फ्रान्समध्ये काझो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1994 साली हृदयाच्या चारही कप्प्यांना पेसिंग दिल्याचा अनुभव छापला, आणि 2005 साली प्रसिद्ध झालेल्या केअर-एचएफ या 813 पेशंटच्या चाचणीत नुसत्या औषधांच्या तुलनेत सीआरटीवाल्या गटात मृत्यूचं प्रमाण 36 टक्क्यांनी कमी आढळलं.

तिसरी वायर पोहोचते कशी, हे मी कॅथलॅबच्या काचेमागून पाहिलं. आत्याच्या डॉक्टरांनी परवानगी दिली होती. डाव्या कॉलरबोनखाली जागा बधिर केली, आत्या पूर्ण शुद्धीत होती. हृदयाच्या भिंतीला दिलेलं रक्त काम झाल्यावर शिरांमधून गोळा होतं आणि कोरोनरी सायनस नावाच्या एका मोठ्या शिरेतून उजव्या कर्णिकेत परत येतं. डॉक्टर त्याच वाटेनं उलटे आत शिरले. डाय सोडला तेव्हा पडद्यावर शिरांचं जाळं काळं उमटलं, बाहेरच्या भिंतीकडे जाणारी एक बरीच वाकडी शीर त्यात होती. ती निवडली. पहिल्या वळणावर वायर अडली, मागे घेतली, आतली बारीक तार बदलली, मग ती वळण ओलांडून पुढे गेली. खोलीत कुणी बोलत नव्हतं, फक्त टेक्निशियन आकडे वाचून दाखवत होता.

वायर बसल्यावर मुद्दाम जास्त व्होल्टेज देऊन पाहतात, कारण त्या शिरेजवळूनच श्वासपटल हलवणारा मज्जातंतू जातो. झालंही तसंच. प्रत्येक ठोक्याला आत्याचं पोट उडायला लागलं. "आतून कुणीतरी टिचक्या मारतंय हो डॉक्टर," ती म्हणाली. वायरच्या टोकाशी चार ध्रुव, म्हणजे वीज सोडायच्या चार जागा, होते. शेवटच्या ध्रुवाऐवजी मागच्या ध्रुवातून पेसिंग दिलं आणि टिचक्या थांबल्या. चार ध्रुवांच्या वायरचा हा मोठा उपयोग. पूर्वी अशा वेळी वायर उपसून दुसरीकडे न्यावी लागायची. टाके घालायच्या आधी ईसीजी काढला. क्यूआरएस 164 वरून 126 वर आला होता.

त्या क्षणी तिच्या कोरोनरी धमन्यांमध्ये काय बदललं असेल, हे कुणी मोजलं नाही, मोजायची गरजही नव्हती. पण हा प्रयोग दुसऱ्यांनी केलेला आहे, आणि मला तो फार आवडतो.

त्यासाठी आधी एक गोष्ट. धमनीतलं रक्त मागून दाबानं ढकललं जातं, हे सगळ्यांना पटतं. पण ते पुढूनही ओढलं जातं. औषधाच्या ड्रॉपरचा रबरी फुगा दाबून सोडला की औषध वर ओढलं जातं, तसं आवळलेला स्नायू सैल पडताना त्याच्यातल्या दाबलेल्या रक्तवाहिन्या एकदम उघडतात आणि धमनीतलं रक्त आत खेचतात. लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधल्या जस्टिन डेव्हिस आणि सहकाऱ्यांनी 2006 साली माणसांच्या कोरोनरी धमन्यांमध्ये दाब आणि वेग एकाच वेळी मोजणारी तार सोडून दाखवून दिलं की सैल अवस्थेतला प्रवाह वाढवणारी सगळ्यात मोठी लाट ही स्नायूकडून निघणारी ओढीचीच लाट असते. भिंती जाड झालेल्या हृदयांत ती दुबळी पडलेली असते, हेही त्यांना दिसलं.

त्याच कॉलेजातल्या गटानं 2012 साली पुढचा प्रश्न विचारला. सीआरटी चालू-बंद केलं तर या लाटेचं काय होतं? पेशंट दहाच होते, लेफ्ट बंडल ब्रांच ब्लॉक आणि हार्ट फेल्युअर असलेले. हृदयाच्या स्वतःच्या ठोक्यांवर आणि दोन्ही कप्प्यांच्या पेसिंगवर, अशा दोन्ही अवस्थांत मोजमाप घेतलं. पेसिंगवर कोरोनरीतला प्रवाह साधारण 15 टक्क्यांनी वाढला आणि या वाढीचा सिंहाचा वाटा सैल अवस्थेतल्या त्या ओढीच्या लाटेचा होता. भिंती एकत्र आवळल्या म्हणून एकत्र सैल पडल्या, एकत्र सैल पडल्या म्हणून ओढ वाढली. दहा पेशंटचा अभ्यास छोटाच, पण त्यात काय घडतं एवढंच कळत नाही, कसं घडतं तेही कळतं, म्हणून मी तो वर्गात घेते.

रक्त वाढलं म्हणजे खर्चही वाढला असेल, असं वाटणं साहजिक आहे. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्समध्ये डेव्हिड कास यांच्या गटानं 2000 साली हेच तपासलं. फुगलेलं हृदय आणि लेफ्ट बंडल ब्रांच ब्लॉक असलेले दहा पेशंट. डाव्या कप्प्याला पेसिंग देताच आकुंचनाचा जोर वाढला, दाब चढण्याचा वेग तर 43 टक्क्यांनी, आणि तरी हृदयाचा ऑक्सिजनचा खर्च सुमारे 8 टक्क्यांनी उतरला. तेवढाच जोर डोब्युटामिन या इंजेक्शननं आणला तेव्हा खर्च 22 टक्क्यांनी चढला. आयसीयूत डोब्युटामिन चालू असलेल्या पेशंटचे नातेवाईक बाहेर बसलेले मी पाहिले आहेत. ते औषध अडचणीच्या वेळी जीव तगवतं, पण आजारी स्नायूकडून ते जास्त काम उधारीवर करून घेतं. पेसिंगमध्ये नवं काम करून घेत नाहीत, वाया जाणारं वाचवतात. सेप्टम आणि बाहेरची भिंत यांनी एकमेकांना ताणणं थांबवलं की तेवढी शक्ती झडपेकडे वळते.

पेट स्कॅन, म्हणजे स्नायूचा रक्तप्रवाह आणि ग्लुकोजचा वापर मोजणारं स्कॅन, यावर झालेल्या अभ्यासांतून चित्र आणखी स्वच्छ होतं. जर्मनीतल्या आखेनच्या नोवाक आणि सहकाऱ्यांनी 2003 साली दाखवलं की लेफ्ट बंडल ब्रांच ब्लॉकमध्ये सेप्टमचा ग्लुकोजचा वापर खूप घटलेला असतो आणि सीआरटीनंतर तो बाकीच्या भिंतींच्या बरोबरीला येतो. अॅमस्टरडॅमच्या क्नापेन यांच्या गटाला 2004 साली असं आढळलं की विश्रांतीतला एकूण रक्तप्रवाह सीआरटीनंतर फारसा बदलत नाही, पण तो भिंतींमध्ये जास्त समान वाटला जातो, आणि औषध देऊन धमन्या पूर्ण उघडल्या तर जास्तीत जास्त प्रवाह पूर्वीपेक्षा वाढलेला दिसतो. याचा रोजच्या जगण्यातला अर्थ मला महत्त्वाचा वाटतो. खुर्चीत बसलेल्या माणसाला फरक कदाचित कळणारही नाही, पायऱ्या चढताना कळेल, कारण वाढलेली आहे ती राखीव क्षमता. त्यात भर म्हणजे मायट्रल झडपेची (डावीकडच्या वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधल्या झडपेची) गळती कमी होते, डाव्या कप्प्यातला तुंबलेला दाब उतरतो, महाधमनीतला दाब थोडा सुधारतो. मघाचा वजाबाकीचा हिशेब आठवा, त्यातला महाधमनीचा आकडा वर जातो आणि कप्प्याचा खाली येतो.

आता काही गोष्टी स्पष्ट बोलायला हव्यात, कारण हे वाचून कुणी स्टेंट टाळून पेसमेकर मागायला नको. सीआरटीनं ब्लॉकेज विरघळत नाही. धमनी नव्वद टक्के बंद असेल तर तिच्यापुढच्या स्नायूला ओढीची लाट कितीही जोराची असली तरी पुरेसं रक्त मिळणार नाही, तो प्रश्न त्याच्या जागी सोडवावा लागतो. जिथे जुन्या अॅटॅकचा व्रण आहे तिथे वायर ठेवली तर इशारा पुढे नीट सरकत नाही. आणि सीआरटी बसवलेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश लोकांना अपेक्षित फायदा होत नाही. सगळ्यात जास्त फायदा होतो तो क्यूआरएस 150 मिलीसेकंद किंवा जास्त, डाव्या फांदीचाच ब्लॉक आणि हृदयात व्रण नसलेल्यांना. बायकांमध्ये प्रतिसाद जास्त चांगला दिसतो. आत्या या सगळ्यात बसत होती, म्हणून तिच्या डॉक्टरांनी आग्रह धरला, तोही औषधं पूर्ण मात्रेत काही महिने देऊन, इको पुन्हा करून, पंपिंग वाढत नाही हे पाहिल्यावरच.

दुसरी गोष्ट साध्या पेसमेकरवाल्यांसाठी. ठोके कमी पडतात म्हणून जी वायर उजव्या कप्प्याच्या टोकाशी ठेवतात, ती हृदयाला उजवीकडूनच चालवते, म्हणजे एक प्रकारे डाव्या फांदीचा ब्लॉकच तयार करते. हाँगकाँगच्या त्से आणि लाऊ यांनी 1997 सालीच दाखवलं होतं की अशा पेसिंगवर दीर्घकाळ असलेल्या बऱ्याच जणांच्या स्कॅनमध्ये, धमन्यांचा आजार नसतानाही, काही भागांचा रक्तपुरवठा कमी दिसतो आणि तिथली हालचालही मंदावते. ज्यांना ठोक्यांसाठी पेसमेकर हवाच आहे त्यांनी घाबरून जायचं कारण नाही, त्याशिवाय चक्कर येऊन पडणं आणि जिवाचा धोका असतो. पण पेसमेकर बसून काही वर्षं झाली, टक्केवारीत पेसिंग भरपूर आहे आणि आता दम लागतोय, तर "वय झालं" म्हणून सोडून देऊ नका. इको करून घ्या.

याच अडचणीमुळे आता वायर हृदयाच्या मूळ विजेच्या वाटेवरच ठेवायचे प्रयत्न होत आहेत. अमेरिकेतल्या डॉ. प्रमोद देशमुख आणि सहकाऱ्यांनी 2000 साली हिस बंडलवर, म्हणजे दोन फांद्या जिथून फुटतात त्या खोडावर, कायमचं पेसिंग प्रसिद्ध केलं, आणि 2017 साली चीनमधल्या वेनझोऊच्या हुआंग वेइजियान यांच्या गटानं ब्लॉकच्या पुढे जाऊन थेट डाव्या फांदीला पेसिंग देता येतं हे दाखवलं. सेप्टमच्या आत वायर स्क्रूसारखी फिरवत नेऊन ती फांदी गाठायची. आत्याच्या डॉक्टरांनीही हा पर्याय समजावून सांगितला होता. तिची शीर सापडली नसती तर ते तेच करणार होते.

आत्याचं पुढचं. पहिला महिना डावा हात खांद्याच्या वर न्यायचा नाही असं सांगितलं होतं, त्यामुळे वेणी घालायचं काम माझ्या वहिनीकडे आलं आणि आत्याला ते अजिबात आवडलं नाही. पाण्याची गोळी निम्म्यावर आली, बाकीच्या गोळ्या सगळ्या चालू आहेत, त्या चालूच राहणार. सहा महिन्यांनी इको झाला, पंपिंग 38 टक्के. कप्पा थोडा लहान झालाय, गळती मध्यमवरून किरकोळवर आलीय. क्लिप मी पुन्हा मागून घेतली. सेप्टमचा तो पहिला झटका आता दिसत नाही. आतेभावाला अजूनही वाटतं की खात्रीसाठी एकदा अँजिओग्राफी करून पाहावी. मी त्याला सांगितलं की अँजिओग्राफी नळीचा आतला आकार दाखवते, आणि तिच्या नळ्यांचा आकार आधीही चांगलाच होता. जे बिघडलं होतं ते वेळेचं होतं, आणि वेळ इकोवर दिसते, ईसीजीवर दिसते आणि पेसमेकरच्या तपासणीत दिसते.

या तपासणीत छातीवर एक चपटं यंत्र ठेवून पेसमेकरमधली नोंद वाचतात. बॅटरी, वायरची अवस्था, आणि शंभरातल्या किती ठोक्यांना दोन्ही कप्प्यांचं पेसिंग मिळालं. हा शेवटचा आकडा घरच्यांनी विचारून वहीत लिहून ठेवावा. तो शक्यतो 98 च्या आसपास किंवा वर हवा, कारण जो ठोका निसटतो तो जुन्याच उलटसुलट क्रमानं पडतो, सेप्टम आधी, भिंत नंतर. आत्याचा आकडा सुरुवातीच्या तपासणीत 91 होता. मधूनमधून तिचे स्वतःचे जादा ठोके पडत होते आणि तेवढं पेसिंग हुकत होतं. डॉक्टरांनी बीटा ब्लॉकरचा डोस वाढवला, रक्तातलं पोटॅशियम तपासून घेतलं, ते कमी निघालं, ते भरून काढलं. मागच्या वेळी 98 आला. पुढची तारीख दिवाळीनंतरची आहे, आणि वही आत्यानं आत्ताच पर्समध्ये ठेवली आहे.